जुन्या पिकअपला डिझेल इंजिन बसवायचंय? मग इंजिन आत्ताच घेऊ नका

राजापूरपासून कणकवलीपर्यंत कुठल्याही वाडीत शिरा, एखाद्या मांगरात जुनी जीप नाहीतर महिंद्राची एफसी (फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे नाक नसलेली) पिकअप सापडतेच. टपावर पेंढा, हौद्यात कोंबड्या आणि मूळ पेट्रोल इंजिन कधीच जाम झालेलं. आजोबांनी त्यातून आंब्याच्या पेट्या वाहिलेल्या असतात म्हणून विकवत नाही, आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून कुणी चालवत नाही. मग मुंबईहून आलेला नातू म्हणतो, हिला डिझेल बसवू.

आणि तो पहिलं काम काय करतो, तर इंजिन विकत घेतो. मीही तेच केलं. बोलेरोचं इंजिन टेम्पोत घालून आणलं, अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं आणि कुडाळकडच्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीखाली शिरले, खिशातली छोटी हातोडी काढली आणि चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) ठोकत ठोकत मागच्या चाकापर्यंत गेले. पुढच्या कमानीच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी 'टण्ण'चा 'थप्प' झाला. बाहेर येऊन म्हणाले, "इंजिन ठेवतलंस खंय? ह्या पत्र्यार?"

ते इंजिन पुढे चौदा महिने ताडपत्रीखालीच राहिलं. म्हणून या लेखात इंजिन मध्येच कुठेतरी येतं.

पहिली पायरी: आरसी बुक घेऊन आरटीओत जा

कंटाळवाणं आहे, पण पाना हातात घेण्याआधी करायचं काम हेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत आणि आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं यावर आणखी घट्ट खिळा ठोकला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पेट्रोलचं डिझेल करणं म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबर बदलला आणि इंधनही बदललं. तेव्हा कुठलं इंजिन, कुठल्या गाडीचं, हे लिहून अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. एजंट म्हणेल, "आधी बसवून घ्या, मग बघू." त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. कारण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच पडताळते.

दुसरी गोष्ट. तुमची गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि मूळ इंजिन, मूळ चासी शाबूत असेल, तर जरा थांबा. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. फी २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. एकदा डिझेल बसवलं की तो दरवाजा बंद. अर्थात व्हिंटेज नंबरावर रोजची ये-जा करता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणायची. माझं मत विचाराल तर चालू स्थितीतलं मूळ हरिकेन इंजिन (या गाड्यांचं जुनं पेट्रोल इंजिन) असलेली गाडी कापू नये. जिचं इंजिन आधीच भंगारात गेलंय तीच घ्या. आणि परवानगी मिळत नसेल तर गाडी बागेच्या गडग्याच्या आतच फिरवायची. खतं, पेट्या, चिरे यांना नंबरप्लेट लागत नाही.

दुसरी पायरी: हातोडी

कोकणात चासी बाहेरून सडत नाही, आतून सडते. खारं वारं आहेच, पण खरा वैरी आहे तांबडी माती. पेटीसारख्या बंद भागात ती चिखल होऊन शिरते, वाळते, पुढच्या पावसात परत भिजते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे चार महिने चासीच्या पोटात ओलं फडकं कोंबून ठेवल्यासारखंच. वरून काळा रंग मारलेला असतो, त्यामुळे दिसत काही नाही.

हातोडी अर्धा किलोची पुरे. दर चार बोटांवर ठोका. चांगला पत्रा वाजतो, सडलेला बोलत नाही. कमानींचे हँगर आणि शॅकल, स्टिअरिंग बॉक्सची जागा, क्रॉस मेंबरचे (चासीच्या आडव्या पट्ट्यांचे) सांधे, आणि हौदा जिथे चासीवर टेकतो त्या लाकडाखालची बाजू, इथे दुप्पट वेळ द्या. पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. माझ्या गाडीतून घमेलंभर माती निघाली, त्यात एक रुजलेली आंब्याची बाठ होती.

सडलेला भाग कापून नवा पत्रा घालायचा असेल तर दोन गोष्टी वेल्डिंगवाल्याला आधीच सांगा. तुकडा उभ्या रेषेत कापून उभाच जोडायचा नाही. चासी वाकते तेव्हा सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. जोड तिरपा घ्या, वरून माशाच्या आकाराची पट्टी द्या. दुसरं, चासीच्या वरच्या आणि खालच्या पाळीला भोक पाडू द्यायचं नाही. भोक लागलंच तर उभ्या भिंतीला, मध्यावर. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

एक अवांतर. हौद्याच्या फळ्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावा असं जुनी माणसं सांगतात. लाकडाला चांगलंच, वाळवी फिरकत नाही. पण हातमोजे घाला. मी नाही घातले, आणि आठवडाभर बोटांवरची फोडं बघत बसलो.

तिसरी पायरी: वजनकाटा

ही पायरी सगळे गाळतात. गाडी ढकलत किंवा ओढत का होईना, जवळच्या वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून घ्या. पावती जपून ठेवा. काटा दहा-वीस किलोच्या टप्प्यांनीच वजन दाखवतो, तेवढा फरक धरून चाला.

एफसी पिकअपमध्ये ड्रायव्हर आणि इंजिन दोघेही पुढच्या अॅक्सलच्या डोक्यावर बसतात. रिकामी गाडी मुळातच नाकाला जड. त्यात डिझेलचा बिडाचा ब्लॉक, मोठा रेडिएटर, मोठी बॅटरी, पाच गिअरचा गिअरबॉक्स. माझ्या गाडीत सगळं बसल्यावर पुढच्या चाकांवर नव्वद किलो वाढले. इंजिन गाडी ओढतं, ते सगळ्यांना दिसतं. ते गाडीला दाबतंही, ते पहिल्या उतारावर कळतं. ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या जांभ्यावर गाडीचा मागचा भाग तुमच्या आधी घरी पोचायला बघतो.

म्हणून पुढच्या कमानी कमानवाल्याकडे द्या. नुसतं एक पान वाढवून आणू नका. सगळी पानं खोलून, परत बाक देऊन, वाढलेलं वजन सांगून बांधून घ्या. बुश, शॅकल पिना आणि यू-बोल्ट नवीन. देण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. इंजिन बसल्यावर तेच अंतर परत यायला हवं.

चौथी पायरी: आता इंजिन

नवशिक्यानं पंप मेकॅनिकल असलेलंच इंजिन घ्यावं. कॉमन रेल इंजिनात जोर जास्त, धूर कमी. पण त्यासोबत संगणक, सेन्सर, वायरिंगचा गुंता आणि चावीचं लॉक हे सगळं येतं, आणि पावसात भिजलेला एखादा कनेक्टर शोधताना रात्र जाते.

आपल्या भागात सहज मिळतं ते महिंद्राचं २,५२३ सीसी डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) इंजिन. पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात, उघडणारा मिस्त्रीही मिळतो. प्यूजोच्या रचनेची जुनी इंजिनं, २,११२ सीसीचं एक्सडीपी आणि २,४९८ सीसीचं एक्सडी३पी, चालायला मऊ. पण पार्टसाठी वणवण करावी लागते आणि हीटर प्लग तापल्याशिवाय ती सकाळी जागी होत नाहीत. ट्रॅक्स गाडीचं २.४ लिटरचं ओएम ६१६ हे मूळ मर्सिडीजच्या रचनेचं, दणकट. टाटा ४०७ चं २,९५६ सीसी इंजिन कुणी 'फुकट' दिलं तरी छोट्या पिकअपला घेऊ नका. तिसऱ्या पायरीतली पावती काढून बघा म्हणजे कारण कळेल.

इंजिन शक्यतो गाडीत असतानाच, थंड असताना चालू करून बघा. विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर तेही एक उत्तरच. ऑइल भरायचं झाकण काढा: थोडी वाफ चालेल, चिलीमीसारखा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. निळा धूर ऑइलचा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पंपाचं टायमिंग, नोझल किंवा हेड गॅस्केट. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर सरळ घरी या.

इंजिन नंबर घासलेला नाही ना, ते बोटानं चाचपा. बिलावर तो नंबर हवा, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत हवी. आणि इंजिन एकटं घेऊ नका. गिअरबॉक्स, बेल हाउसिंग, क्लच, सेल्फ (स्टार्टर), व्हॅक्यूम पंपासकट अल्टरनेटर, फाउंडेशनचे (इंजिन चासीवर धरणारे) ब्रॅकेट, रेडिएटर, एअर क्लीनर, अॅक्सिलरेटरची केबल, पार नटबोल्टसकट एकाच गाडीचं घ्या. चार हजार वाचवायला मी सेल्फ वेगळा घेतला. त्याच्या दातांनी फ्लायव्हीलच्या रिंगेचे दात खाल्ले आणि गिअरबॉक्स परत खाली आला.

पाचवी पायरी: मागचं गणित

जुना तीन गिअरचा बॉक्स ठेवून मध्ये अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि बॉक्स जोडणारी तबकडी) घालता येते, पण मी सांगणार नाही. एक तर ती प्लेट लेथवर केसभर जरी चुकली तरी पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत येत नाहीत. क्लच थरथरतो, बेअरिंग ओरडतं. दुसरं, डिझेलचा प्रत्येक स्ट्रोक म्हणजे घणाचा घाव, आणि तो बॉक्स त्या घावांसाठी बनलेलाच नाही. इंजिनासोबत आलेलाच गिअरबॉक्स वापरा. लेथचं काम लागलंच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घ्या. तिथे डायल गेज लावून दाखवल्याशिवाय नग हातात घ्यायचा नाही.

आता जिथे बहुतेकांचा गाडा अडतो ती गोष्ट. विलीजच्या वंशातल्या गाड्यांत ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचं) तोंड उजवीकडे असतं, म्हणून मागचं डिफरन्शियलही (अॅक्सलवरचा गिअरचा गोळा) मध्यावर नसून उजवीकडे असतं. बोलेरोच्या टू-व्हील गिअरबॉक्सचं तोंड मात्र मध्यावर. दोन्ही जोडलं तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा दांडा) खाली उतरता उतरता आडवाही जातो आणि क्रॉस (त्याचे वळणारे सांधे) दर महिन्याला बदलावे लागतात. उपाय दोनच: फोर-व्हीलचा बॉक्स ट्रान्सफर केससकट आणा, नाहीतर मध्यावर डिफरन्शियल असलेला मागचा अॅक्सल घाला. दुसऱ्या उपायात कमानींच्या गाद्या आणि चाकांची रुंदी दोन्ही बघावी लागते. हे इंजिन घेण्याआधी ठरवायचं असतं. मी नंतर ठरवलं. चौदापैकी पाच महिने त्यातच गेले.

वेगाचं गणितही कागदावर करा. माझ्या गाडीत डिफरन्शियलच्या क्राउनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे ५.३८. टायरचा घेर २.३ मीटर. डिझेल तीन हजार फेऱ्यांवर धापा टाकायला लागतं. ३,००० भागिले ५.३८, गुणिले २.३, गुणिले ६० भागिले १,०००, म्हणजे टॉप डायरेक्ट गिअरमध्ये ताशी ७७ किलोमीटर. महामार्गावर एसटी हॉर्न देत बाजूनं जाते. पाचवा ओव्हरड्राइव्ह गिअर असेल तर तोच आकडा नव्वदीच्या पुढे जातो. डिफरन्शियल बदलण्यापेक्षा हे स्वस्त.

सहावी पायरी: बसवणी

चेन पुली एक टनाची घ्या आणि ती टांगायची कशाला ते नीट बघा. मांगराच्या वाशाला टांगू नका. कलमाच्या फांदीलाही नाही, आजोबा टांगायचे तरी नाही.

आधी कोरडी बसवणी. शक्य असेल तर हेड उतरवलेला रिकामा ब्लॉक गिअरबॉक्सला जोडून, लाकडाच्या ठोकळ्यांवर चासीत ठेवा. मग तीन ठिकाणी बघायचं. ऑइल चेंबरचं पोट आणि पुढचा अॅक्सल: जॅक लावून अॅक्सल बंपस्टॉपपर्यंत (चासीखालच्या अडवणाऱ्या रबरापर्यंत) वर उचला, तरीही दोन बोटं अंतर राहायला हवं. पंखा आणि रेडिएटर: निदान एक इंच. स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट: दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. एफसीत इंजिनावरचं झाकण दोन्ही सीटच्या मध्ये येतं, ते उंच करावं लागेल हे गृहीत धरा. आणि आतून उष्णता रोखणारं अस्तर लावा, नाहीतर मे महिन्यात गिअरच्या बाजूची पोटरी भाजून निघते.

इंजिन मागे तीन-चार अंश झुकलेलं असावं. मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप पुरतं. गिअरबॉक्सचं तोंड आणि डिफरन्शियलचं तोंड एकमेकांना समांतर राहतील असं बघा, म्हणजे दोन्ही क्रॉसचे कोन सारखे येतात. जमलं की फाउंडेशनचे ब्रॅकेट फक्त टाके मारून चिकटवा. इंजिन आणि रबर काढा, मगच पूर्ण वेल्डिंग. रबर लावूनच वेल्डिंग करणारे महाभाग मी पाहिलेत. रबर वितळून पोळ्यातल्या मेणासारखं खाली येतं.

सातवी पायरी: पेट्रोल विसरा

पेट्रोल गाडीच्या टाकीतून एकच नळी पुढे जाते. डिझेलला परतीची नळी लागते, कारण पंप आणि नोझल जास्तीचं इंधन टाकीत परत पाठवतात. टाकी आतून धुवा, परतीचं तोंड वेल्ड करायच्या आधी पाण्यानं काठोकाठ भरा. पेट्रोलची वाफ वर्षानंतरही पेट घेते. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला त्याचा स्क्रू सैल करून पाणी काढा.

चावी बंद केली म्हणून डिझेल बंद पडत नाही. स्टॉप केबल किंवा सोलेनॉइड लागतं. गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्बपासून हॉर्नपर्यंत सगळं १२ व्होल्टवर न्या आणि सेल्फला जाडजूड केबल द्या.

आणि वायपर! कित्येक जुन्या जीपांचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नाही, म्हणजे तो व्हॅक्यूमही नाही. मला हे जूनच्या पहिल्या सरीत हातिवल्याच्या उतारावर समजलं. आता बारा व्होल्टची मोटर आहे.

एअर क्लीनरचं तोंड शक्य तेवढं उंच घ्या. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर असे वाकलेले रॉड खूप जणांनी पाहिले. रेडिएटरला काउल (पंख्याभोवतीचं वेष्टन) लावा, थर्मोस्टॅट काढून टाकू नका आणि विहिरीचं पाणी ओतू नका, कूलंट आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं.

आठवी पायरी: ब्रेक, इंजिन चालू करण्याआधी

पेट्रोल गाडीत अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की थ्रॉटल मिटतो आणि इंजिन गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये हवा मोकळी जात-येत असते, त्यामुळे ती ओढ कमी. वजन वाढलं, वेग वाढला, रोखणारी ओढ घटली. तेव्हा एकेरी लाइनचा जुना मास्टर सिलिंडर बदलून दुहेरी घाला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी राहते. बूस्टर घाला, त्याचा व्हॅक्यूम अल्टरनेटरवरच्या पंपातून. स्टीलच्या पाइपलाइन नव्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्या हवेत तो भरपूर, म्हणून ते दर वर्षी बदला.

नववी पायरी: पहिला स्टार्ट

ऑइल, कूलंट भरा. क्रँकच्या नटाला पाना लावून हातानं दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका, शोधा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळा. नंतर नोझलच्या पाइपांचे नट सैल करून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. डिझेल आलं की एकेक आवळा. हात आणि तोंड लांब ठेवा. त्या दाबाची बारीक धार कातडीच्या आत शिरते आणि ते थेट दवाखान्याचं काम असतं.

एक फळी जवळ ठेवा, हवेचं तोंड पूर्ण झाकेल एवढी. जुनं इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, स्टॉप ओढून थांबत नाही. तेव्हा फळी तोंडावर दाबायची. हात नाही, फळी.

दहावी पायरी: ट्रायल

पहिले पन्नास किलोमीटर गावातल्या गावात. मग परत वजनकाटा, पुढची चाकं, पावती आधीच्या पावतीशेजारी. पुढचा बोजा वाढलेला असेल तर टायरची हवा आणि व्हील अलाइनमेंट त्याप्रमाणे.

त्यानंतरच घाट. मी साखरप्याहून आंबा घाट रिकाम्या गाडीनं चढलो. तापमानाचा काटा मध्यावर राहिला, खूश झालो. उतरताना चौथ्या गिअरमध्ये होतो, तेवढीच चूक. निम्म्या घाटात पेडल स्पंजासारखं झालं आणि जळक्या लायनिंगचा वास केबिनमध्ये आला. दुसऱ्यावर आणून, कडेला घेऊन, चाकामागे दगड लावून अर्धा तास बसलो. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे एसटीचे ड्रायव्हर उगाच सांगत नाहीत.

शंभर किलोमीटरला आणि मग पाचशेला गाडीखाली शिरून फाउंडेशनचे बोल्ट, प्रोपेलरचे नट आणि कमानींचे यू-बोल्ट आवळा. नव्या कमानी बसतात तसे यू-बोल्ट ढिले होतातच. माझा डावीकडचा पुढचा पाचशेला अर्धा आटा फिरला, हजाराला पाव, त्यानंतर हलला नाही.